भूगोलाच्या ऑनलाइन नोट्स सर्व विद्यार्थ्यांना वापरता याव्यात म्हणून

कागल तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या पाच वर्षांत त्यांच्या विभागाने ६४ पीडीएफ, तीसेक व्हिडिओ आणि प्रत्येक प्रकरणावर एक ऑनलाइन चाचणी इतके साहित्य महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवले. यंदा अकरावीच्या वर्गात पूर्णपणे अंध असलेला एक मुलगा, एक कर्णबधिर मुलगी आणि हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेला आणखी एक मुलगा असे तिघे आले, आणि यांतले बरेचसे साहित्य त्यांच्या कामाचे नाही हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आले. प्राचार्यांनी संकेतस्थळाच्या कोपऱ्यात बसवायच्या एका ‘ॲक्सेसिबिलिटी बटणा’चे दरपत्रक मागवले आहे. ते घ्यावे का, नाही तर सुरुवात कोठून करावी, आणि भूगोल म्हटला की येणाऱ्या नकाशांचे काय करावे, असे मॅडमचे विचारणे आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: ते बटण घेऊ नये. अशी बटणे अक्षरे मोठी करतात, रंग उलटे करतात, फार तर पान मोठ्याने वाचून दाखवतात. या सर्व सोयी विद्यार्थ्याच्या फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आधीपासून फुकट असतात, आणि अंध विद्यार्थी तर स्वतःच्या सवयीचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, घेऊनच आपल्या पानावर येतो. शिवाय बटण पीडीएफच्या आत शिरत नाही, आणि आपले बहुतेक साहित्य पीडीएफमध्येच आहे. एका ओळीचा कोड टाकला की कोणतेही संकेतस्थळ दिव्यांगांना वापरता येण्याच्या आंतरराष्ट्रीय निकषांत बसते, अशी जाहिरात करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले, एवढे प्राचार्यांच्या कानावर घातले तरी पुरे. तो पैसा टंकलेखन आणि मुद्रितशोधन यांवर खर्च करावा. तो कसा, ते पुढे येईल.

मी गेली अठरा वर्षे कोल्हापुरात हेच काम करतो. सुरुवात पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करण्यापासून झाली, मग ब्रेल छपाईसाठी मजकूर तयार करणे आले, आणि आता बहुतांश वेळ महाविद्यालयांच्या फाइली दुरुस्त करण्यात जातो. या काळात माझे एक मत पक्के झाले आहे. साहित्य कोणाला वापरता येईल हे ते संकेतस्थळावर चढवताना ठरत नाही. शिक्षक वर्डची कोरी फाइल उघडून पहिली ओळ टंकतो तेव्हाच ते बरेचसे ठरून गेलेले असते. त्यामुळे हे काम संगणक विभागाकडे किंवा बाहेरच्या कंपनीकडे सोपवून मोकळे होता येत नाही. ते विषयशिक्षकाच्या टेबलावरचे काम आहे, आणि एकदा हात बसला की त्याला वाटते तेवढा वेळही लागत नाही.

मराठी साहित्याची सर्वांत मोठी अडचण इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाही, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी राजारामपुरीतल्या आमच्या खोलीवर बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक अंध विद्यार्थी पेन ड्राइव्ह घेऊन आला. प्राध्यापकांनी मोठ्या आपुलकीने स्वतः टंकून घेतलेल्या नोट्स त्यात होत्या. फाइल उघडली, मला पडद्यावर ठळक, स्वच्छ अक्षरांत ‘मराठी’ हा शब्द दिसत होता, आणि हेडफोनमधून कोणत्याच भाषेत नसलेला एक अडखळता आवाज आला. त्याने उजव्या बाणाची कळ दाबत एकेक अक्षर ऐकवले: ई, जे, के, बी, एच. ‘बी’ म्हणताना आवाज किंचित चढला, कारण ते मोठ्या लिपीतले अक्षर होते. मग तो म्हणाला, ‘‘सर, हा शब्द मी आता ओळखतो. हे मराठी आहे.’’ वर्षभर तसल्या फाइली ऐकून त्याने काही शब्द या उलट्या मार्गाने पाठ केले होते.

घडले होते ते असे. कृतीदेव, श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये संगणकात साठते ती इंग्रजी अक्षरेच. फाँट त्यांच्यावर फक्त देवनागरी आकार चढवतो. कृतीदेवमध्ये ‘म’ म्हणजे इंग्रजी ‘ई’, ‘र’ म्हणजे ‘जे’, काना म्हणजे ‘के’. डोळ्यांना आकार दिसतो, पण स्क्रीन रीडरला आकाराशी देणेघेणे नसते, तो साठलेले अक्षर वाचतो. युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीत मात्र ‘म’ हा ‘म’ म्हणूनच साठतो. डीटीपीच्या दुकानातून टंकून आणलेल्या नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, विभागाची जुनी हस्तपुस्तिका यांतली मोठी रास अजून याच फाँटांत आहे, आणि आपल्या ६४ फाइलींपैकी ज्या पाच वर्षांपूर्वीच्या आहेत त्यांतल्या काही तशाच निघतील असे मी धरून चालतो. फाँट बदलणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे येथे ते हमखास चुकतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक पुसला जातो. मजकुरातले इंग्रजी शब्द आणि आकडे देवनागरीच्या भेळेत मिसळून जातात. म्हणून बदललेल्या प्रत्येक पानाचे मुद्रितशोधन हवेच. मघाचे पैसे पहिल्यांदा येथे लावावेत.

दुसरा प्रकार स्कॅन केलेल्या पीडीएफचा. पुस्तकाच्या पानाचा, वहीचा किंवा फळ्याचा फोटो काढून तो पीडीएफ म्हणून चढवला की त्यात एकही अक्षर नसते, असते ते अक्षरांचे चित्र. स्क्रीन रीडर ‘रिकामे पान’ म्हणतो किंवा गप्प बसतो. छापील मराठी मजकूर ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, बऱ्यापैकी ओळखला जातो. गूगल ड्राइव्हमधील फाइल गूगल डॉक्समध्ये उघडली तरी ते काम होते, आणि टेसरॅक्ट नावाचे मोफत सॉफ्टवेअरही मराठी जाणते. पान सपाट धरून, सरळ आणि ३०० डीपीआयला स्कॅन केले तर चुका खूप कमी होतात. तरी ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ यांची अदलाबदल होते, आणि भूगोलात ‘घाट’चा ‘धाट’ झालेला अंध विद्यार्थ्याला कळण्याचा मार्ग नसतो. हस्तलिखित नोट्सवर ओसीआर करण्यात वेळ घालवू नये. त्या सरळ पुन्हा टंकाव्यात, किंवा फोनवर बोलून लिहून घ्याव्यात आणि मग तपासाव्यात.

तिसरी गोष्ट अनेक जाणकारांनाही धक्का देते. युनिकोडमध्ये टंकलेल्या, उत्तम दिसणाऱ्या मराठी पीडीएफमधूनसुद्धा मजकूर पुष्कळदा मोडलेला बाहेर येतो, कारण पीडीएफ मुळात छापील पान जसेच्या तसे दिसावे म्हणून घडवलेला प्रकार आहे आणि देवनागरीची जोडाक्षरे व पहिली वेलांटी त्यात आकार म्हणून बसतात. याची परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. पीडीएफमधील एक परिच्छेद निवडून कॉपी करावा आणि नोटपॅडमध्ये चिकटवावा. ‘विद्यार्थी’ हा शब्द तेथे तुकडे होऊन पडला असेल, तर विद्यार्थ्याच्या कानावर तेच तुकडे पडत आहेत. आपल्या सर्व ६४ फाइलींवर ही परीक्षा एका दुपारी होईल आणि कोणत्या फाइली जिवंत आहेत, कोणत्या नुसते चित्र आहेत, कोणत्या जुन्या फाँटच्या आहेत, याची यादी हाती येईल. माझा सल्ला असा, की मराठी नोट्ससाठी पीडीएफ ही छपाईची प्रत मानावी आणि तिच्याशेजारी वर्डची फाइल, ईपब (ई-पुस्तकाची फाइल) किंवा साधे वेबपान यांपैकी एक नेहमी ठेवावे. राधानगरी किंवा गगनबावड्याच्या बाजूने येणाऱ्या मुलांच्या फोनला रेंज किती असते हे आपण जाणताच. स्कॅन केलेली ४० एमबीची फाइल ज्या जागी उतरत नाही, तेथे तोच मजकूर असलेले वेबपान क्षणात उघडते. हा फायदा दिव्यांग नसलेल्या मुलांनाही मिळतो आणि प्राचार्यांना तो लगेच पटतो.

आता नवी फाइल कशी बनवावी ते पाहू. शीर्षक ठळक करून आकार वाढवला की ते डोळ्यांना शीर्षक दिसते, पण फाइलच्या दृष्टीने तो एक साधा परिच्छेदच राहतो. वर्डमध्ये ‘स्टाइल्स’मधील हेडिंग १, हेडिंग २ वापरावे. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये वेबपान वाचताना विद्यार्थी ‘एच’ची कळ दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारतो, आणि वर्डमध्येही ब्राउझ मोड चालू करून तसेच करता येते, आपण पुस्तक चाळतो तसे त्याचे चाळणे हे आहे. शीर्षके खरी नसतील, तर ३० पानी प्रकरणातला ‘मृदेची धूप’ हा भाग शोधायला त्याला पहिल्या ओळीपासून ऐकत बसावे लागते. यादी करायची तर यादीची सोय वापरावी, नुसत्या रेघा आणि स्पेस देऊन नव्हे. तक्त्याची पहिली ओळ ‘हेडर रो’ म्हणून नोंदवावी आणि तक्त्यातली घरे एकमेकांत विलीन करू नयेत. दुव्याला त्याचे नाव द्यावे. एका पानावर पंधरा वेळा ‘येथे क्लिक करा’ असेल, तर दुव्यांची यादी ऐकणाऱ्याला पंधरा वेळा तेच ऐकू येते. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवावी, आणि संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला पानाच्या कोडमध्ये मराठीचा ‘एमआर’ हा संकेत टाकायला सांगावे. तो नसला की इंग्रजी आवाज देवनागरी ओळी गाळतो आणि मधले आकडे तेवढे वाचतो, असे मी पुष्कळदा ऐकले आहे. पीडीएफ काढायचीच असेल तर ‘सेव्ह ॲज’मधून काढावी आणि रचनेचे टॅग ठेवण्याची खूण तपासावी, ‘प्रिंट टू पीडीएफ’ केले की वर केलेली सगळी मेहनत वाया जाते. वर्डच्या ‘रिव्ह्यू’ टॅबमध्ये सुगम्यता (ॲक्सेसिबिलिटी) तपासण्याची सोय असते, लिब्रेऑफिसमध्येही असते. तिने सर्व चुका सापडत नाहीत, तरी ढोबळ चुका सापडतात.

एनव्हीडीएचा उल्लेख आला म्हणून सांगतो: ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतले, जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला, आणि ते आजही मोफत आहे. विभागाच्या एका संगणकावर ते आजच उतरवून घ्यावे. त्याचा मराठी आवाज यांत्रिक आहे, पहिल्या दिवशी कानाला टोचतो. मुले तोच आवाज आपल्याला एक शब्दही कळणार नाही इतक्या वेगाने ऐकतात.

नकाशांवर जरा थांबतो, कारण भूगोलाची खरी कसोटी येथे आहे. समजा आपल्या नोट्समध्ये पंचगंगेच्या खोऱ्याचा नकाशा आहे. चित्रावर उजवी टिचकी दिली की ‘ऑल्ट टेक्स्ट’ म्हणजे पर्यायी मजकुराची चौकट मिळते, आणि बहुतेक जण तेथे ‘नकाशा’ एवढेच लिहितात. काही वेळा वर्ड स्वतःच इंग्रजीत अंदाज करून तेवढाच एक शब्द घालून ठेवतो. त्यातून विद्यार्थ्याला एवढेच कळते, की येथे त्याला न मिळालेले काहीतरी आहे. त्याऐवजी असे लिहून पाहावे: ‘भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी या नद्यांचे पाणी सह्याद्रीकडून येऊन एकत्र होते आणि प्रयाग चिखलीपासून पुढे तो प्रवाह पंचगंगा म्हणून ओळखला जातो, कोल्हापूर शहराच्या उत्तरेकडून पूर्वेला वाहत जाऊन पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते.’ पाचवी सरस्वती परंपरेने गुप्त मानली जाते, म्हणजे ती डोळस मुलांनाही नकाशात दिसत नाही. तेवढ्यापुरते सगळे समान पातळीवर आहेत.

हे वर्णन मात्र नदीप्रणालीच्या पाठासाठी योग्य आहे. तोच नकाशा पुराच्या प्रकरणात घेतला असेल, तर नदीची वळणे, सखल भाग आणि पाण्याखाली जाणाऱ्या वस्त्या यांबद्दल लिहायला हवे. वस्तीच्या प्रकरणात घेतला असेल, तर गावे नदीपासून किती उंचीवर आणि का वसली याबद्दल. नकाशा कशासाठी दाखवला आहे, हे शिक्षकाशिवाय कोणाला ठाऊक नसते, आणि म्हणून पर्यायी मजकूर संगणकाच्या शिक्षकाकडून किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून लिहून घेण्याला माझा विरोध आहे. त्यांच्याकडून कच्चा खर्डा घ्यायला हरकत नाही, पण शेवटचा हात आपला हवा. वर्णन दोनतीन वाक्यांपलीकडे गेले तर ते नकाशाखाली उघड परिच्छेद म्हणून द्यावे आणि चौकटीत ‘वर्णन खाली दिले आहे’ असे लिहावे. उघड वर्णनाचा उपयोग सगळ्यांनाच होतो. नकाशावाचन कच्चे असलेली मुले कोणत्याही वर्गात कमी नसतात. पानाच्या कडेची वेलबुट्टी, शाळेचे बोधचिन्ह पुन्हा पुन्हा येणे, असल्या चित्रांना ‘शोभेचे’ अशी खूण करून सोडून द्यावे, म्हणजे स्क्रीन रीडर त्यांच्यावर अडखळत नाही.

आणि हेही मान्य करायला हवे, की नकाशा शब्दांत पुरता बसत नाही. आकार, अंतर, दिशा यांची एकत्र जाणीव बोटांनी जशी होते तशी कानांनी होत नाही. जाड पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने सुतळी चिकटवून नद्या, संगमाच्या जागी मणी, जिल्ह्याच्या सीमेला जाडसर दोरा आणि उत्तरेच्या कोपऱ्यात एक बटण, एवढ्यावर मी खोऱ्याचा नकाशा शिकवला आहे. एका पुठ्ठ्यावर पाचसहा गोष्टींहून अधिक लादू नयेत. बोटे गर्दीत हरवतात. ऑनलाइन साहित्याच्या उत्तरात पुठ्ठा आणि सुतळी कशाला, असे वाटेल, पण ऑनलाइन वर्णन वाचताना मुलाचा दुसरा हात या पुठ्ठ्यावर असला की दोन्हींचा अर्थ लागतो.

आलेखांचे तुलनेने सोपे आहे. कोल्हापूरजवळ पंचगंगेवर असलेल्या राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळीचा आलेख आपण शिकवतच असाल, ज्यात ३९ फुटांची इशारा पातळी पिवळ्या आणि ४३ फुटांची धोका पातळी लाल रेषेने दाखवलेली असते. आलेखामागचे आकडे तारीख आणि फूट अशा दोन स्तंभांच्या तक्त्यात खाली द्यावेत आणि पातळी कधी ओलांडली हे एका वाक्यात सांगावे, म्हणजे अंध विद्यार्थ्याचे काम झाले. पण ज्या मुलांना लाल-हिरव्यातला भेद कळत नाही त्यांच्यासाठी रेषांवरच ‘इशारा’, ‘धोका’ अशी अक्षरे लिहावीत, एक रेषा तुटक काढावी. पांढऱ्यावर पिवळी अक्षरे कोणालाच धड दिसत नाहीत. लाल रंगाबद्दल शिक्षकांना आश्चर्य वाटते: अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ ला १ असावे, असा डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांचा दंडक आहे आणि पांढऱ्यावरचा भडक लाल जेमतेम ४ ला १ भरतो. थोडा गडद, मरून लाल घेतला की प्रश्न मिटतो. अल्पदृष्टी विद्यार्थ्यांसाठी ओळींमधले अंतर दीडपट ठेवावे. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार असल्याने दाटीवाटीत ते एकमेकांत घुसतात.

व्हिडिओंत कर्णबधिर मुलीचा प्रश्न उपशीर्षकांचा आहे आणि अंध मुलाचा प्रश्न आपल्या बोलण्याच्या सवयीचा. ‘‘ही इथून अशी येते आणि इकडे हिला मिळते’’ हे वाक्य फळ्याकडे पाहिल्याशिवाय निरर्थक आहे. त्याऐवजी ‘‘भोगावती दक्षिणेकडून, राधानगरीच्या बाजूने येते’’ असे म्हटले की वेगळे ध्वनिवर्णन जोडावे लागत नाही. ही सवय लागायला दोन आठवडे लागतात आणि मग वर्गातले शिकवणेही सुधारते. जुने तीस व्हिडिओ पुन्हा चित्रित करण्याची गरज नाही. नव्यापासून सुरुवात करावी.

आपोआप तयार होणारी उपशीर्षके तशीच ठेवू नयेत. मराठी बोलण्यात इंग्रजी संज्ञा आणि स्थानिक नावे मिसळली की ती बिथरतात. माझ्यासमोर एकदा ‘कुंभी, कासारी’चे ‘कुणी का सारी’ झाले होते. उपशीर्षकांची फाइल ही साधी मजकुराची फाइल असते: क्रमांक, सुरुवातीची व शेवटची वेळ आणि खाली ओळ. नोटपॅडमध्ये ती दुरुस्त करता येते, फक्त साठवताना युटीएफ-८ निवडावे, नाहीतर जुन्या संगणकावर सगळ्या देवनागरीची प्रश्नचिन्हे होतात. एका वेळी दोनहून अधिक ओळी नकोत. बोलणाऱ्याचा चेहरा उजेडात आणि कॅमेऱ्याकडे असावा, कारण ओठांच्या हालचालीवरून काही मुले बरेच समजून घेतात.

मात्र त्या मुलीला आधी विचारावे, की तिला मराठी वाचणे किती सोयीचे आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या आणि खुणांच्या भाषेत वाढलेल्या मुलांसाठी लिखित मराठी ही पुष्कळदा दुसरी भाषा असते. लांबलचक उपशीर्षके देऊन आपण जबाबदारी पार पाडली असे समजणे चूक आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा दहा हजार शब्दांचा कोश ऑनलाइन आहे, आणि एनसीईआरटीने २०२० मध्ये त्या केंद्राशी पाठ्यपुस्तके सांकेतिक भाषेत आणण्यासाठी करार केला. भूगोलाच्या ज्या संज्ञांना खूण सापडत नाही त्यांची यादी त्या मुलीसोबत आणि विशेष शिक्षकासोबत बसून करावी, आणि प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला नव्या संज्ञांचे सोप्या वाक्यांतले अर्थ द्यावेत.

चाचण्यांबद्दल थोडक्यात सांगतो. माउस बाजूला काढून ठेवावा आणि टॅब, शिफ्ट-टॅब, बाण, स्पेस, एंटर एवढ्याच कळांनी आपली एक चाचणी स्वतः सोडवून पाहावी. जेथे आपण अडकाल तेथे हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेला मुलगा आणि अंध मुलगा दोघेही अडकतात. ‘जोड्या ओढून लावा’ हा प्रकार बहुधा तेथेच बाद होतो. त्याच जोड्या पर्यायांच्या यादीतून निवडायला द्याव्यात. आपण कोणत्या बटणावर आहोत हे दाखवणारी चौकट ‘कुरूप दिसते’ म्हणून काढून टाकलेली असेल तर परत आणावी. फोनवर बोटाने दाबायची जागा पुरेशी मोठी आणि शेजारच्यापासून सुटी असावी. परीक्षेत दिव्यांग उमेदवारांना तासाला किमान २० मिनिटे भरपाई वेळ देण्याचे केंद्राचे मार्गदर्शक तत्त्व आहे. ऑनलाइन चाचणीचे घड्याळ तेवढे तरी सैल करता आले पाहिजे, आणि सराव चाचणीला घड्याळ लावूच नये. लॉगइनसाठी चित्रकोडे (कॅप्चा) असेल तर वरचे सर्व सव्यापसव्य दारातच संपते.

पुस्तकाची पाने स्कॅन करून सुगम्य प्रत करणे बेकायदा ठरेल का, अशीही शंका आपण घेतली आहे. प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तींच्या उपयोगासाठी, नफा न घेता, सुगम्य स्वरूपातली प्रत करण्याची मुभा आहे. ती प्रत संकेतस्थळावर सर्वांना खुली ठेवू नये, विद्यार्थ्याला द्यावी. प्रत करण्याआधी ते पुस्तक सुगम्य पुस्तकालयात, म्हणजे छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेल्या ऑनलाइन ग्रंथालयात, आहे का ते पाहावे. आणि हे सारे कशासाठी, असे व्यवस्थापनाने विचारलेच तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ दाखवावा, ज्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि इलेक्ट्रॉनिक साहित्य सुगम्य स्वरूपात असण्याचा विषय कायद्यात आणला. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवणे या कायद्याशी विसंगत ठरवले आणि किमान बंधनकारक निकष ठरवायला केंद्राला सांगितले. कोल्हापुरात मला कायद्याची भीती फारशी घालावी लागत नाही. नसीमा हुरजूक यांच्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या संस्थेचे १९८४ पासूनचे काम येथे बहुतेकांनी पाहिलेले असते, त्यामुळे ‘करावे का’ हा प्रश्न क्वचित येतो, ‘कोण करणार’ हाच येतो.

कोण करणार याचे माझे उत्तर असे. ६४ फाइली हातात घेऊ नयेत. या महिन्यात जे प्रकरण शिकवायचे आहे तेवढेच घ्यावे आणि ते पूर्ण करावे: मजकूर, नकाशा, एक व्हिडिओ, चाचणी. पुढच्या महिन्यात पुढचे. आजपासून बनणारी एकही नवी फाइल जुन्या पद्धतीने बनू नये, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळावा, नाहीतर एका बाजूने उपसत असताना दुसऱ्या बाजूने पाणी भरत राहते. व्हॉट्सॲप ग्रुपवर फळ्याचा फोटो टाकला तर त्याखाली चार ओळी टंकून टाकाव्यात. मुलांचा खरा अभ्यास संकेतस्थळापेक्षा तेथेच चालतो. जुन्या फाइलींच्या पानावर एक ओळ ठळक लिहावी, की ही फाइल वाचता येत नसेल तर अमुक शिक्षकांना सांगावे, आठ दिवसांत वाचता येईल अशी प्रत मिळेल, आणि ते आठ दिवस पाळावेत.

पहिले प्रकरण तयार झाले, की अंध मुलाला विभागाच्या संगणकावर बसवावे, एनव्हीडीए सुरू करावे आणि एकच काम सांगावे: राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी किती फूट, ते या प्रकरणातून शोधून काढ. नंतर आपण शेजारी बसावे आणि हात मांडीवर ठेवावेत. तो चुकीच्या शीर्षकावर गेला की आपला हात आपसूक माउसकडे जातो. तो आवरावा, कारण घरी त्याच्याशेजारी आपण नसणार. तो कोठे थांबला, कोठे मागे फिरला, कोणता शब्द त्याने दोनदा ऐकला, हे वहीत लिहावे, आणि ४३ हा आकडा सापडेपर्यंत किती मिनिटे लागली तेही. दुरुस्त्या करून पुढच्या आठवड्यात तसेच दुसरे काम देऊन पुन्हा वेळ मोजावी.